यिमास ऐकायला जाणार असाल, तर बारेतच्या वाटेने जाऊ नका

पापुआ न्यू गिनीच्या पूर्व सेपिक प्रांतात, करावारी आणि अराफुंडी या नद्या जिथे मिळतात त्या भागात यिमास ही भाषा बोलली जाते. ती ऐकण्यासाठी जाणाऱ्याने वेवाक या प्रांताच्या राजधानीत मिळणाऱ्या दोन आश्वासनांवर मुळीच विश्वास ठेवू नये. सेपिक नदीकाठच्या अंगोराम गावाहून एका दिवसात पोहोचाल, हे पहिले. आणि गावात पाऊल टाकताच भाषा कानांवर पडेल, हे दुसरे. दोन्ही खोटी निघाली, आणि पहिल्यासाठी मी पैसेही मोजले होते.

वेवाक ते अंगोराम हा रस्ता वाईट आहे, पण ट्रक पोहोचतो. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही. पुढे मोटारीची होडी. इंजिनाला लागणाऱ्या तेलमिश्रित पेट्रोलला तिथे 'झूम' म्हणतात आणि सगळी लूट त्यातच होते, कारण होडीचे भाडे वाजवी सांगून झूमचा अंदाज दुप्पट धरला जातो आणि परतल्यावर उरलेले पिंप होडीवाल्याच्या घरी जाते. उरलेल्या झूमचे काय होणार, हे निघण्यापूर्वी साक्षीदारांसमोर ठरवून घ्यावे.

खरा छळ मात्र बारेतचा. नदीची लांब वळणे टाळण्यासाठी लोकांनी दलदलीतून खणलेल्या अरुंद कालव्याला बारेत म्हणतात. पाणी भरलेले असताना त्याने कित्येक तास वाचतात, हे खरे आहे. परंतु मी गेलो तेव्हा पाणी उतरले होते आणि हे ठाऊक असूनही मला ती वाट 'जवळची' म्हणून विकण्यात आली. तरंगत्या गवताने कालवा बुजला होता, इंजिन उचलून ठेवावे लागले, बांबूने रेटून होडी हलेना तेव्हा आम्ही कमरेपर्यंत चिखलात उतरलो, आणि डासांनी त्या अंधारात जे केले ते मलेरियाच्या गोळ्या न घेता जाणाऱ्याने स्वतः अनुभवावे. (सत्तरच्या दशकात साल्व्हिनिया या परदेशी पाणवनस्पतीने सेपिकची तळी अशीच गिळली होती, मूळच्या ब्राझीलच्या एका बारीक सोंडवाल्या किड्याने तिला आवरले. गवतासाठी तसा किडा कुणी शोधावा.) पाणी कमी असेल तर सेपिक, कोरोसमेरी आणि करावारी असा मुख्य प्रवाहाचा लांबचा मार्गच धरावा, बारेतची वाट फुकट दाखवली तरी नको.

आता दुसरे आश्वासन. भाषाशास्त्रज्ञ विल्यम फोली यांचे यिमासचे व्याकरण 1991 मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हाही बोलणारे फार तर काहीशे होते. आज मुले आपसांत टोक पिसिन, म्हणजे देशभर चालणारी इंग्रजीवर आधारलेली भाषाच बोलतात. धक्क्यावर उभे राहून यिमास कानांवर पडत नाही, त्यासाठी म्हाताऱ्या माणसांकडे बसावे लागते आणि टोक पिसिन आल्याशिवाय ते बसणे निरर्थक आहे.

स्वर चारच आहेत. त्यांतला एक इ आणि उ यांच्या मधला ओझरता स्वर आहे, जो व्यंजने एकमेकांत अडली की मध्ये शिरतो. तो वेगळा ऐकू येईपर्यंत मला शब्द कुठे तुटतो हेच कळत नव्हते. अनुनासिकानंतरचा प त्या तोंडी ब सारखा होतो, म्हणून छापील वाक्ये पाठ करून गेलेल्याचे कान पहिल्याच दिवशी फसतात.

पण क्रियापद ऐकून थकवा उतरतो, एवढे मान्य केले पाहिजे. 'पायुम नारमांग नाम्पुताय' म्हणजे पुरुषांनी बाईला पाहिले. मराठीत पाहणारा कोण हे प्रत्ययाने कळते आणि क्रियापद एकाच कुणाशी जुळते, किंवा कुणाशीच जुळत नाही. यिमासमध्ये नामांना काहीच लागत नाही, क्रमही बदलता येतो, कारण 'ना' म्हणजे ती, 'म्पु' म्हणजे ते, आणि पाहणे म्हणजे 'ताय', असे सगळे क्रियापदातच असते. नामांचे वर्गही दहाच्या आसपास आहेत आणि त्यांतले काही अर्थावर नव्हे, तर शब्दाच्या शेवटच्या ध्वनीवर ठरतात.

म्हणून टोक पिसिनमधले सुटे वाक्य देऊन 'हे तुमच्या भाषेत सांगा' असे विचारू नये. टोक पिसिनमध्ये भूतकाळासाठी एक 'बिन' पुरतो, पण यिमासमध्ये कालची, त्याआधीच्या काही दिवसांची आणि फार जुनी घटना यांचे प्रत्यय वेगळे आहेत. 'आम्ही' म्हणायचे तरी दोघे, थोडेसे की पुष्कळ, हे ठरवावे लागते. केव्हा आणि किती जण हे न सांगता विचारले, तर समोरचा माणूस आपल्या मनाने काहीतरी धरतो आणि तुमची वही चुकीच्या नोंदींनी भरते. त्यापेक्षा मासेमारीची किंवा साबुदाण्याच्या झाडाची हकिगत सांगायला सांगावी, ध्वनिमुद्रण करावे आणि अर्थ मागाहून त्याच माणसाबरोबर बसून लावावा.

त्या माणसाच्या वेळेचे पैसे थेट त्याच्या हातात द्यावेत, मध्यस्थाच्या नव्हे. किना या तिथल्या चलनाच्या लहान नोटा वेवाकहूनच न्याव्यात; सुपारी, तंबाखू, मीठ आणि डब्यातले मासे नेले तर बोलणे लवकर सुरू होते. ध्वनिमुद्रकाचे सेल घट्ट बंद डब्यात ठेवावेत, कारण माझे निम्मे बारेतमध्येच भिजले.