फुकेतचा शाकाहार उत्सव
आज सकाळी थायलंडमधील फुकेत शहरात जुई तुई या चिनी मंदिराची मिरवणूक पाहिली. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यातील पहिले नऊ दिवस चालणारा हा उत्सव बहुधा आपल्या शारदीय नवरात्रातच येतो आणि इथेही कांदा-लसूण वर्ज्य असतो, त्यामुळे फार आपलेपणा वाटला. काथू गावात आजारी पडलेली चिनी नाटक मंडळी हे व्रत करून बरी झाली, अशी १८२५ सालची आख्यायिका सांगतात. घरांपुढील टेबलांवर फळे, उदबत्त्या आणि चहाचे नऊ चिमुकले पेले मांडलेले होते. गालांतून सळ्या आरपार गेलेले, अंगात देव आलेले ‘मा सोंग’ तिथे थांबून, हात जोडून उभ्या असलेल्या आजीबाईंना आशीर्वाद देत होते. या उत्सवाची केवळ रक्ताळलेली छायाचित्रेच सर्वत्र फिरतात, याचे मनापासून वाईट वाटते.