अकरा हजार, की दोन हजार?

दुपारचं विमान, खाली सगळं पांढरं, आणि शेजारच्या खिडकीतल्या गृहस्थांनी हातातलं जीपीएस काचेला टेकवलेलं. पडदा मात्र कोराच. विमानाचं अंग धातूचं. वीस हजार किलोमीटरवरून येणारा तो क्षीण संदेश आत येणार फक्त खिडकीतून, म्हणजे एका बाजूचं आभाळ तेवढं हाती. त्यात किमान चार उपग्रह सापडायला हवेत. अँटेना चपटा असेल तर त्याचं तोंड बाहेर, लांबट असेल तर यंत्र उभं, आणि हात हलवायचा नाही. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेची माहिती तीस सेकंदांच्या फेरीत सांगतो. मधेच संदेश तुटला की पुढच्या फेरीची वाट बघा. म्हणून जाणकार लोक विमानतळात शिरण्याआधीच, उघड्यावर, उपग्रह पकडून ठेवतात. ती माहिती साधारण चार तास चालते. यंत्र कित्येक महिने कपाटात पडलेलं असेल तर दहा-पंधरा मिनिटं जास्तीची धरा.

हवाई सुंदरीला आधी विचारावं. हे यंत्र नुसतं ऐकतं, प्रक्षेपण करत नाही, हा मुद्दा बिनतोड आहे (ब्लूटूथ बंद असेल तर), पण तिथे तो काढू नये.

'लॉक ऑन रोड', म्हणजे आपली जागा नकाशातल्या जवळच्या रस्त्यावर चिकटवणारी सोय, बंद करायची राहिली, तर ताशी ८५० किलोमीटरने आपण कुठल्याशा गल्लीतून जात असतो.

खरी गंमत उंचीची. उपग्रहांवरून काढलेली उंची अकरा हजार मीटर. त्याच यंत्रातला, हवेच्या दाबावरून उंची सांगणारा दाबमापक म्हणतो दोन हजार. दोघंही खरं बोलतात. केबिनमधला दाब १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असतो तेवढा राखलेला असतो, आणि बिचारा दाबमापक तोच मोजतो. बिघाड समजून तो तिथेच कॅलिब्रेट केला, म्हणजे उपग्रहांच्या उंचीशी जुळवून घेतला, की विमान धावपट्टीवर टेकलं तरी आपण काही हजार मीटर अधांतरी. आपोआप होणारं कॅलिब्रेशनही प्रवासापुरतं बंदच बरं.

गाडीत एवढं नाट्य नाही. काचेवर धातूचा लेप असेल तर पकड सुटते. चुंबकी होकायंत्र पत्र्याच्या सान्निध्यात बहकतं. चालत्या गाडीत दिशा उपग्रहांवरून मिळते, सिग्नलला थांबलं की बाण भरकटतो. रिचार्जेबल सेल घातले असतील तर सेटिंगमध्ये तसं सांगावं, नाहीतर १.२ व्होल्टच्या सेलला यंत्र निम्मा संपलेला समजतं.

मला स्वतःला भावतो तो पोहोचण्याच्या वेळेचा रकाना. उतरायची परवानगी नसते, विमान घिरट्या घालतं. तोंड मुक्कामाकडे असलं की सहा मिनिटं, पाठ फिरली की नुसत्या रेघा. वैमानिकाला जाऊन सांगण्यासारखं त्यात काही नाही. त्याला ते माहीत असतं.