तुलूझची ओतेल दासेझा, १:५० : अपडेट ४, विटा परत पहिल्यापासून

मंडळी, फ्रान्समधल्या तुलूझ शहरातल्या या हवेलीचं १:५० मापाचं मॉडेल करतोय, त्यातली मागच्या वेळी अंगणाकडची जी भिंत पूर्ण झालेली दाखवली होती ती काढून टाकली. तीन आठवड्यांचं काम होतं, पण रोज समोर बघितल्यावर काहीतरी खटकायचं, रंग दोनदा बदलला, प्रकाश बदलून फोटो काढले, तरी ती तुलूझची वाटेचना. मग एका रात्री पट्टी घेऊन बसलो तेव्हा कळलं की चूक विटेच्या मापातच आहे.

मी सवयीने आपली नऊ इंची, तीन इंच जाडीची वीट धरली होती. तुलूझची वीट वेगळीच, साधारण ४२ सेंमी लांब, २८ रुंद आणि जाडी फक्त ५, म्हणजे जवळजवळ लादीच! रोमन काळापासूनचं हे माप. १:५० ला लांबी ८.४ मिमी आणि जाडी जेमतेम १ मिमी येते. त्यामुळे थर बारीक आणि आडवे पळणारे दिसतात, आणि त्या बारीक थरांसमोरच दगडी खांब इतके भरदार वाटतात, ते माझ्या भिंतीत हरवलं होतं.

आता सनबोर्डचा वरचा कागद सोलून, आतल्या फोमवर बोथट बॉलपेनने थर ओढतोय. दर्जा, म्हणजे विटांमधल्या फटी, भरायला पातळ केलेली वॉल पुट्टी, ओल्या कपड्याने लगेच पुसायची, नाहीतर फोमच्या बारीक छिद्रांत बसते. रंगाला बर्न्ट सिएना, पांढरा, थोडा यलो ऑकर, आणि दर पाचसहा विटांमागे एक जरा गडद.

नवीन आलेल्यांसाठी, ओतेल म्हणजे इथे हॉटेल नाही, शहरातली हवेली. गारोन नदीच्या जवळच, आज संरक्षित वास्तू आहे आणि आत बेंबर्ग फाउंडेशनचा कलासंग्रह आहे. पिएर दासेझा हा पास्टेलचा व्यापारी, पास्टेल म्हणजे ज्या झाडाच्या पानांपासून निळा रंग काढायचे ते, त्या पैशावर १५५५ मध्ये काम काढलं, आराखडा निकोला बाशलिए यांचा मानतात. आसपास चांगला दगड नाही म्हणून भिंती विटेच्या, आणि लांबून आणावा लागणारा दगड फक्त मिरवायच्या जागी. खांब तीन ग्रीक-रोमन शैलींचे, खाली डोरिक, मधे आयोनिक, वर कोरिंथियन, सगळे जोडखांब. १५६२ च्या धार्मिक दंगलीत प्रोटेस्टंट म्हणून दासेझाला शहर सोडावं लागलं, आणि पुढे पास्टेलचा धंदाच बसला, त्यात एक मोठं कारण हिंदुस्थानातून येणारी नीळ. हे वाचल्यापासून या घराबद्दल वेगळीच ओढ वाटते मला.

अंगणाची एक बाजू कधी बांधलीच गेली नाही, तिथे भिंतीवर नुसता टेकूंवर तोललेला सज्जा आहे. मीही ती बाजू तशीच ठेवणार, काहीजण पूर्ण कर म्हणाले होते पण मला ते पटत नाही.

डोरिक आणि आयोनिक खांब बांबूच्या काड्यांचे झाले. कोरिंथियन खांबांच्या माथ्यावरची पानं एम-सीलमधून कोरतोय, आतापर्यंत बारापैकी तीन जमलीत. कोणी इतक्या लहान मापात पानं केली असतील तर साचा घेतला की हाताने कोरली ते नक्की सांगा.