बिडाचा जॉब आणि ७.८५ चा घोळ

बेळगावच्या उद्यमबागेत किंवा मच्छ्याला कुठल्याही वर्कशॉपमध्ये विचारा, घनता म्हटलं की तोंडात एकच आकडा: ७.८५ (घनसेंमीला ग्रॅम). आकडा खरा आहे, पण तो एमएसचा, म्हणजे साध्या पोलादाचा. बीड, म्हणजे ओतीव लोखंड (कास्ट आयर्न), ७.२ च्या आसपास असतं. कारण त्यात तीन-साडेतीन टक्के कार्बन असतो, आणि त्यातला बराचसा ग्रॅफाइट होऊन बसतो. ग्रॅफाइटची घनता जेमतेम २.२. वजनाने थोडं असलं तरी जागा बरीच खातं.

एक साधा फ्लॅंज, म्हणजे मध्ये भोक असलेली चकती, घ्या: बाहेरचा व्यास २०० मिमी, बोअर (मधलं भोक) ८०, जाडी ३०. आधी सगळी मापं सेंटीमीटरमध्ये आणा, निम्म्या चुका तिथेच टळतात. (उरलेल्या चुका त्रिज्येच्या जागी व्यास घातल्यामुळे होतात.) २० चा वर्ग ४००, ८ चा ६४, वजाबाकी ३३६. त्याला ०.७८५४ ने (म्हणजे π/४ ने) आणि जाडीच्या ३ ने गुणलं की ७९२ घनसेंमी. ७.२ ने गुणा, ५.७० किलो. ७.८५ ने गुणलं असतं तर ६.२१. किलोवर दर ठरत असेल तर हा ९ टक्क्यांचा फरक कुणाच्या तरी खिशातून जातोच.

बारचा d²/१६२ (d म्हणजे मिमीमधला व्यास) हा सगळ्यांना पाठ असलेला फॉर्म्युलाही एमएसचाच आहे. १२ मिमी बार, १४४ भागिले १६२, मीटरला ०.८९ किलो. तो १६२ येतो ७.८५ मधूनच, त्यामुळे बिडाच्या गोल बारला १७७ आणि ॲल्युमिनियमला ४७२ ने भागायचं. षटकोनी एमएस बारला समोरासमोरच्या मापाचा वर्ग भागिले १४७. प्लेटला फॉर्म्युलाच नको: एक चौरस मीटर, एक मिमी जाडी, ७.८५ किलो.

आता खरी गफलत. ड्रॉइंगवरचं वजन हे मशीनिंग झालेल्या जॉबचं, म्हणजे तयार नगाचं असतं, साच्यातून निघणाऱ्या कास्टिंगचं (कच्च्या ओतीव नगाचं) नाही. वरच्याच फ्लॅंजला प्रत्येक बाजूने ३ मिमी मटेरियल सोडा: २०६, ७४ आणि ३६. घनफळ १०४५ घनसेंमी, वजन ७.५२ किलो. तीन मिमी दिसायला काहीच नाही, पण वजन ३२ टक्क्यांनी वाढलं आणि १.८२ किलो चुरा झाला. शिवाय रनर-रायझर (साच्यात रस नेणाऱ्या आणि पुरवणाऱ्या वाटा, ज्या नंतर तोडून टाकतात) धरून यील्ड, म्हणजे ओतलेल्यातलं कास्टिंगमध्ये उरणारं वजन, ७० टक्के पकडलं, तर एका नगामागे पावणेअकरा किलो वितळलेला रस ओतावा लागतो. कोटेशन देताना यातलं नेमकं कुठलं वजन धरलंय ते स्पष्ट लिहा, नाहीतर बिलाच्या वेळी वाद ठरलेला.

आकार वेडावाकडा असेल, फिलेट (कोपऱ्यातल्या गोलाया) आणि रिब (आधाराच्या पट्ट्या) मोजत बसायचं नसेल, तर बादली काढा. वजनकाट्यावर पाण्याची बादली ठेवून काटा शून्य करा आणि जॉब दोरीला बांधून पूर्ण बुडवा. तळाला किंवा कडेला टेकता कामा नये, टेकला की काटा खोटं बोलतो. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके घनसेंमी घनफळ. वरचा मशीन केलेला फ्लॅंज ७९२ च्या जवळपास दाखवायला हवा. जॉबला बुडबुडे चिकटले तर घनफळ जास्त येतं आणि घनता कमी. पाण्यात साबणाचे दोन थेंब टाका आणि जॉब हलवून घ्या. काटा १० ग्रॅमच्या टप्प्याचा असेल तर इथे सव्वा टक्का चूक गृहीतच धरा.

या पद्धतीने घनता काढून ब्लोहोल (कास्टिंगच्या आत वायूमुळे राहिलेली पोकळी) शोधता येईल असं काहींना वाटतं. मोठी पोकळी असेल तरच. बिडाची घनता ग्रेडप्रमाणे ७.१ ते ७.३ हलते, म्हणजे या जॉबमध्ये ११ घनसेंमीपर्यंतचं भोक त्या फरकातच लपून जातं.

लाकडी पॅटर्नच्या (ज्याच्यावरून वाळूचा साचा घेतात त्या नमुन्याच्या) वजनावरून कास्टिंगचं वजन काढायची जुनी रीत अजून चालते, आणि चांगली आहे. पण ‘सागवान म्हणजे अकरा पट’ असा ठोकताळा बेळगावच्या पावसाळ्यात घात करतो, कारण लाकूड दमट हवेत पाणी पितं. त्याच लाकडाचा तिन्ही बाजूंनी १० सेंमीचा ठोकळा पॅटर्नशेजारी ठेवा आणि दर वेळी तो तोला. ६८० ग्रॅम भरला तर घनता ०.६८, आणि ७.२ भागिले ०.६८ म्हणजे १०.६ पट. कोअर प्रिंट (साच्यात कोअर बसायला पॅटर्नवर ठेवलेले उंचवटे) असतील तर त्यांचं, आणि पॅटर्न भरीव असून भोक कोअरने (साच्यात ठेवलेल्या वाळूच्या गाभ्याने) पडणार असेल तर त्या भागाचंही वजन आधी वजा करा. शेवटी ३ टक्के कमी करा, कारण आकुंचनासाठी पॅटर्न लांबी-रुंदी-उंचीला एकेक टक्का मोठा केलेला असतो. आपल्या फ्लॅंजचा बोअर पॅटर्नमध्येच कोरलेला असेल, तर पॅटर्न भरेल ७३२ ग्रॅम. गुणिले १०.६, ७.७६ किलो, ३ टक्के वजा, साडेसात किलोच्या किंचित वर.