तुम्ही विचारलंत म्हणून: नोकरी सोडलीस, मग इन्शुरन्सचं काय?

मंडळाचा गणपती असो, कुणाकडचं हळदीकुंकू असो, प्रश्न ठरलेला. आधी "नोकरी सोडलीस? बरं केलंस!" आणि मग आवाज खाली आणून, "पण इन्शुरन्सचं काय केलंस?" मी अमेरिकेत, डॅलसजवळ राहते. इथे पगार किती ते कुणी विचारत नाही, विमा कुणाच्या नोकरीतून आहे ते मात्र पहिल्या भेटीतच कळतं. इतक्या जणींनी विचारलंय की एकदा लिहूनच टाकते.

2011 साली मला नोकरी सोडून छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहायचं स्वतःचं काम सुरू करायचं होतं. नवऱ्याचा आधीपासूनच स्वतःचा व्यवसाय, त्याला मधुमेह, आणि विमा माझ्या ऑफिसचा. नोकरी सुटल्यावर तोच विमा 'कोब्रा' नावाच्या कायद्याखाली पुढे चालवता येतो, पण साधारण 18 महिने, आणि कंपनी भरत होती तो वाटाही आपल्याच खिशातून, वर दोन टक्के. म्हणून आम्ही बाहेरच्या पॉलिसीसाठी अर्ज केला. पानंच्या पानं प्रश्न. कुठल्या डॉक्टरकडे गेलात, कशासाठी, कुठल्या गोळ्या, किती मिलिग्रॅमच्या. सगळं खरं लिहिलं. तीन आठवड्यांनी एकाच दिवशी दोन पाकिटं आली: मला होकार, त्याला नकार. टेक्सासमध्ये तेव्हा अशा नाकारलेल्यांसाठी वेगळा 'हाय रिस्क पूल' होता, हप्ता बाजाराच्या दुप्पट. मी राजीनाम्याचा कागद ड्रॉवरमध्ये ठेवला आणि आणखी अडीच वर्षं सकाळी सातला हायवेवर.

आजार आहे म्हणून विमा नाकारता येणार नाही, अशा कायद्यावर ओबामांनी सही केली मार्च 2010 मध्ये, पण आमच्यासारख्यांच्या कामाचा भाग 1 जानेवारी 2014 पासून लागू व्हायचा होता. 1 ऑक्टोबर 2013 ला हा विमा घ्यायची सरकारी वेबसाइट उघडली आणि लगेच झोपली. पहिल्या दिवशी अख्ख्या देशातून सहा जणांची नोंदणी झाली. माझी डिसेंबरात झाली. वय विचारलं, पिनकोड विचारला, तंबाखू खाता-ओढता का विचारलं, उत्पन्न विचारलं. आजारांचं पान कधी येतंय याची मी वाट बघत होते, तर थेट प्लॅनची यादीच आली. आपलं काहीतरी राहिलं असणार म्हणून मी दोनदा मागे जाऊन बघितलं. ते पानच नव्हतं. नवरा शेजारी बसून म्हणाला, "अगं, मग माझ्या शुगरचं कुणाला सांगायचं?" कुणालाच नाही. जानेवारीत मी राजीनामा दिला.

पुण्याच्या दिरांना हे सांगितलं की ते म्हणतात, आमच्याकडे जुन्या आजारासाठी तीन-तीन वर्षं थांबावं लागतं. (त्यांचे हप्ते ऐकून मी गप्प बसते, तो भाग वेगळा.)

आता तुमचा पुढचा प्रश्न: प्लॅन कुठला घेऊ? यादीत ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड असतं. सरासरी खर्चातला कंपनीचा वाटा ब्राँझमध्ये साधारण 60 टक्के, सिल्व्हरमध्ये 70, गोल्डमध्ये 80. यावरून गोल्ड महाग असणार असं कुणालाही वाटेल. टेक्सासमध्ये बऱ्याचदा सोनं चांदीपेक्षा स्वस्त मिळतं! कमी उत्पन्नवाल्यांना सिल्व्हरवर डिडक्टिबलमध्ये (कंपनी पैसे द्यायला लागण्याआधी आपण स्वतः भरायची रक्कम) जी सूट द्यावी लागते, तिचे पैसे ट्रम्प सरकारने 2017 मध्ये कंपन्यांना देणं बंद केलं. कंपन्यांनी तो भार सिल्व्हरच्या हप्त्यावर चढवला. हप्ता भरायला सरकार उत्पन्न बघून जी मदत देतं ती सबसिडी, आणि तिचं गणित सिल्व्हरच्या हप्त्यावरून होतं, त्यामुळे सबसिडी फुगली आणि ती गोल्डला लावली की गोल्ड स्वस्त. तेव्हा नावावर जाऊ नका. ज्यांचं उत्पन्न बरंच कमी आहे त्यांनी मात्र सिल्व्हरच बघावं, ती डिडक्टिबलची सूट फक्त तिथेच मिळते.

डॉक्टरांचं मात्र स्वतः फोन करून विचारा. आमच्याकडे वैयक्तिक प्लॅनमध्ये पीपीओ, म्हणजे बाहेरचा डॉक्टरही थोडाफार चालतो असा प्लॅन, शोधून सापडत नाही. सगळे एचएमओ नाहीतर ईपीओ, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या डॉक्टरांच्या नेटवर्कबाहेर गेलात की बिल तुमचं. एका वर्षी कंपनीच्या यादीत नवऱ्याच्या मधुमेहाच्या डॉक्टरचं नाव होतं म्हणून मी निर्धास्त प्लॅन घेतला. फेब्रुवारीत काउंटरवरची मुलगी कार्ड उलटसुलट करत म्हणाली, "ही कंपनी आम्ही घेतो, हा प्लॅन नाही." तेव्हापासून दर नोव्हेंबरात, दिवाळीचा फराळ संपायच्या आत, मी एक वही घेऊन बसते. डावीकडे डॉक्टर आणि औषधं, उजवीकडे प्लॅनचं पूर्ण नाव, आणि फोनवर कोण काय म्हणालं ते तारखेसकट.

पण खरी डोकेदुखी ही नाहीच. पूर्वी विमावाले आजार विचारायचे, आता वेबसाइट पुढच्या वर्षी तुम्ही किती कमावणार ते विचारते, कारण सबसिडी त्यावरच ठरते. नोकरदाराला ते सांगता येतं. मी काय सांगू? माझे दोन क्लायंट दुकान बंद करतात, एखादा नवा अचानक उगवतो.

2021 पासून पाच वर्षं हे जरा सोपं होतं. उत्पन्न कितीही असो, ठरावीक सिल्व्हर प्लॅनचा हप्ता उत्पन्नाच्या साडेआठ टक्क्यांवर जायचा नाही. ती वाढीव सबसिडी 2025 अखेर संपली. तिच्या भांडणात 43 दिवस सरकार बंद राहिलं, तरी संपलीच. आता जुना कडा परत आला आहे: उत्पन्न एका रेघेच्या वर गेलं की सबसिडी एकदम बंद. लेक 26 ची होऊन आमच्या पॉलिसीतून उतरली, त्यामुळे आम्ही दोघंच, आणि दोघांसाठी 2026 ची रेघ आहे 84,600 डॉलर. रेघेच्या जेमतेम आत राहिलो तर सिल्व्हरचा हप्ता महिन्याला सातशेच्या आसपास. एक डॉलर वर गेला की सबसिडी शून्य, आणि आमच्या वयाला पूर्ण हप्ता महिन्याला दोन हजारांच्या वर. शिवाय वर्षभर आगाऊ घेतलेली सबसिडी टॅक्स भरताना परत करायची. पूर्वी काही जणांना त्या परतफेडीवर मर्यादा होती, 2026 पासून कुणालाच नाही.

एच वन बीवर असलेल्या ज्या मुली मला विचारतात त्यांना एवढंच: आज तुम्हाला सबसिडी मिळू शकते, 2027 पासून नाही. ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत हप्ता पूर्ण धरूनच हिशेब करा, मगच नोकरीचं ठरवा.

माझ्या वहीला आता आणखी एक रकाना आहे: यंदा आतापर्यंत आलेले पैसे. रेघ जवळ दिसली की निवृत्तीच्या खात्यात जास्त टाकायचे, तेवढं उत्पन्न कमी धरलं जातं. माझा हिशेब रोखीचा, म्हणजे पैसे हातात येतील त्या वर्षाचं उत्पन्न. परवा एका रेस्टॉरंटवाल्याचा फोन आला, वर्षाअखेरीच्या कामाचे पैसे आगाऊच देऊन टाकू का म्हणून. मी म्हटलं, छे, काम होऊ द्या, बिल मी जानेवारीतच पाठवते. तो बिचारा तीनदा थँक यू म्हणाला.