विकलेले गाणे

ठाण्यात कोर्ट नाक्याजवळच्या माझ्या कार्यालयात बहुतेक कामे जागेची, वारसाची नाहीतर भाडेकराराची येतात. त्यामुळे चेंदणी कोळीवाड्यातून आलेले सत्तरीचे एक गृहस्थ प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढू लागले, तेव्हा घराच्या वाटणीचे प्रकरण असणार असे मी धरूनच चालले होते. निघाली ती एक पावती. १९९८ सालची, घडीवर विरलेली, रेव्हेन्यू स्टॅम्पवर आडवी सही केलेली: 'गीत व चाल सर्व हक्कांसह दिली. रुपये २,५०० रोख मिळाले.'

स्वतः रचलेले हळदीचे गाणे त्यांनी एका कॅसेट कंपनीला दिले होते आणि त्या दिवसापासून ते पुन्हा तोंडातून काढले नव्हते. स्वतःच्या मुलीच्या हळदीलासुद्धा नाही. आता नातीचे लग्न ठरले होते आणि सोबत आलेला नातू हट्टाला पेटला होता.

"इकलेल्या गान्यावर आपला काय हक्क, ताई?" त्यांनी विचारले.

मी पावती दोनदा वाचली. किती वर्षांसाठी हक्क दिले, याचा तीत उल्लेखच नव्हता. १९९४ च्या दुरुस्तीनंतर झालेल्या हस्तांतरणात मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षांची धरावी असे कॉपीराइट कायद्याचे कलम १९ सांगते. म्हणजे शब्दांचा हक्क २००३ मध्येच त्यांच्याकडे परत आला होता. त्याहून जिव्हारी लागणारी गोष्ट कलम ५२ मध्ये होती. धार्मिक विधी आणि लग्नाशी जोडलेले सामाजिक समारंभ यांत गाणे गाण्याने कॉपीराइटचा भंग होत नाही, ही तरतूदही १९९४ चीच. हळदीला गाण्यापासून त्यांना कोणीही, कधीही अडवू शकत नव्हते. हे सांगितल्यावर ते बराच वेळ बोटाने पावतीची घडी सपाट करत राहिले. आपण दिलेला शब्द पाळायचा म्हणून हा माणूस इतकी वर्षे गप्प राहिला होता, आणि कागद करून घेणाऱ्याने त्याला तो कागद एकदाही नीट समजावून सांगितला नव्हता, याचा मला मनापासून राग आला.

नातवाचे म्हणणे वेगळे होते. कला सर्वांचीच असते, तेव्हा जुनी कॅसेटच इंटरनेटवर टाकून द्यावी. मी ठाम नकार दिला. ध्वनिमुद्रण करायला कंपनीने स्टुडिओ घेतला, वादकांना पैसे दिले; त्या मुद्रणावरचा तिचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे, म्हणजे २०५८ अखेरपर्यंत टिकतो, आणि तो मलाही रास्त वाटतो. मात्र मुद्रणाचा मालक म्हणजे गाण्याचा मालक नव्हे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने चित्रपटांचे गीतकार आणि संगीतकार जवळजवळ रिकाम्या हाती राहिले होते. रॉयल्टीतला त्यांचा समान वाटा काढून घेता येणार नाही, असे कायद्यात लिहिले जायला २०१२ साल उजाडावे लागले. आजोबांनी नव्याने गावे, नव्याने मुद्रित करावे आणि त्यातून कोणी कमाई केली तर वाटा मागावा, हा मार्ग मी सुचवला.

कंपनीला पाठवायच्या नोटिशीचा मसुदा वाचून दाखवताना 'गीत व चाल माझ्या अशिलाची' या ओळीवर त्यांनी मला थांबवले.

"चाल माजी नाय. आयची हाय."

त्यांची आई धवलारीण होती. घरोघरच्या लग्नांत धवले गायची, आणि ती चाल तिलाही तिच्या आधीच्या बायकांकडून मिळालेली. म्हणजे पावतीतली निम्मी वस्तू त्यांना विकताच येत नव्हती आणि कंपनीला विकत घेताही येत नव्हती. मी 'चाल पारंपरिक' अशी दुरुस्ती केली. त्यांनी आईचेही नाव घालायला सांगितले. कायद्याच्या दृष्टीने त्या नावाची काहीच गरज नव्हती, तरीही नोटिशीच्या तिसऱ्या परिच्छेदात, ही चाल कोणाच्या तोंडून माझ्या अशिलापर्यंत आली ते सांगणारे एक पूर्ण वाक्य मी लिहिले आणि खाली सही केली.