‘डेमो’ छापलेली द्राक्षं

द्राक्षाचा हंगाम लागला की माझं काम नाशिक शहरातून उठतं आणि दिंडोरी, पिंपळगाव, निफाडच्या बाजूला सरकतं. मी प्रिंटर दुरुस्त करतो. ऑफिसातले, झेरॉक्सवाल्यांचे, कोणाचेही. पण जानेवारी ते एप्रिल घर चालतं ते पॅकहाऊसमधल्या, म्हणजे निर्यातीची द्राक्षं बॉक्समध्ये भरतात तिथल्या, लेबल प्रिंटरवर. हे मशीन शाई वापरत नाही. तापलेल्या हेडखालून मेण आणि रेझिनची काळी रिबन सरकते आणि अक्षरं लेबलावर वितळून बसतात. थंडी, ओल, धूळ सगळं सोसतं बिचारं. त्याची दुखणीही ठरलेली. हेडवर थर चढतो, रोलर झिजतो, नाहीतर सेन्सरला एखादं लेबल चिकटून बसतं. हंगामातले बहुतेक फोन यातल्याच कशासाठी तरी असतात.

फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी सकाळी आलेला फोन वेगळा होता. दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळच्या पुढे एक पॅकहाऊस आहे. त्याच्या मालकांना सगळे अण्णाच म्हणतात. अण्णा म्हणाले, “अरे, प्रिंटर चालू आहे. झक्क छापतोय. पण प्रत्येक लेबलावर आडवं ‘डेमो’ छापतोय. हे काय नवीन?”

मी पोचलो तेव्हा हॉलमधल्या टेबलांवर बायका डोक्याला जाळी आणि हातात ग्लोव्हज घालून बसल्या होत्या, पण कात्र्या थांबल्या होत्या. पहाटे तोडलेला थॉमसन जातीचा माल क्रेटमध्ये तसाच उभा होता. ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांना वाटेल, लेबलच तर आहे, नंतर लावा. तसं होत नाही. अर्ध्या किलोचे दहा पनेट, म्हणजे प्लास्टिकचे छोटे डबे, एका बॉक्समध्ये भरतात, वर गंधकाचा वायू सोडणारं पॅड ठेवतात, लेबल लावतात आणि मग बॉक्सची थप्पी पॅलेटवर, म्हणजे लाकडी फळीवर, रचून पट्ट्या आवळतात. पट्ट्या आवळल्यावर आतल्या बॉक्सना हात पोचत नाही. पॅलेट झाल्याशिवाय माल प्री-कूलिंगला, म्हणजे थंड करायच्या खोलीत, जात नाही. आणि द्राक्ष जितका वेळ उबेत राहील तितका घडाचा देठ तपकिरी पडत जातो. युरोपातला खरेदीदार मण्याआधी देठ बघतो. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांनंतर, म्हणजे 2023 अखेरपासून, बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली. जो माल पूर्वी तीनेक आठवड्यांत पोचायचा त्याला महिन्याच्या वर लागू लागलं. तेव्हा इथे फुकट गेलेला तास तिकडे दिसतोच.

लेबलाचं महत्त्व नाशिकला कोणी शिकवायला नको. 2010 साली क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचे अंश सापडले म्हणून इथले कंटेनर युरोपात अडकून पडले होते. त्या वर्षीची गोष्ट निघाली की आजही जुने बागायतदार विषय बदलतात. बॉक्सवर प्लॉटचा नोंदणी क्रमांक, पॅकहाऊसचा कोड, तारीख, जात, वजन हे सगळं लागतं. अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीवर तो नंबर टाकला की माल कोणत्या शेतातला ते कळतं. नंबर नसेल तर तो बॉक्स कोणाचाच नाही.

आता कॉम्प्युटरकडे वळतो. लेबल बनवायचं सॉफ्टवेअर अण्णांनी काही वर्षांपूर्वी एकरकमी विकत घेतलं होतं. कायमचा परवाना, पक्कं बिल, सगळं व्यवस्थित. शुक्रवारी रात्री त्याने आपलं आपण अपडेट करून घेतलं. सकाळी कॉम्प्युटरवर बसणाऱ्या मुलीने ते उघडलं तर नवी रंगीत खिडकी. तिच्यात लिहिलं होतं की कायमचे परवाने आता बंद झाले आहेत, कृपया आपला परवाना वार्षिक योजनेत स्थलांतरित करा, तोपर्यंत डेमो पद्धतीने वापरता येईल. ‘कृपया’ होतं हं. घर विकत घ्यावं, राहायला जावं आणि एका सकाळी बिल्डरने कुलूप बदलून दारावर भाड्याची पाटी लावावी, तसला प्रकार.

मी आधी अपडेट काढून जुनी आवृत्ती टाकली. ती सुरू होताना कंपनीच्या सर्व्हरला विचारते आणि सर्व्हर सांगतो, हा परवाना आता चालत नाही. इंटरनेट तोडलं तर म्हणते, आधी इंटरनेट जोडा. तारीख मागे नेऊन पाहिली, तेही कंपनीला सुचलेलं होतंच. शेजारच्या पॅकहाऊसमधून छापून आणावं, तर त्यांचाही कंटेनर त्याच दिवशी भरत होता. एका सुपरवायझरने मार्करने हाताने लिहायची तयारी दाखवली. अक्षर चांगलं होतं त्याचं, पण बारकोड हाताने कोण काढणार?

मग स्थलांतर करायला घेतलं. लॉगिन हवं. पासवर्ड कोणालाच माहीत नाही. ‘पासवर्ड विसरलात?’ दाबलं की ओटीपी नोंदणीकृत ईमेलवर जातो. तो ईमेल निघाला सॉफ्टवेअर बसवून गेलेल्या डीलरकडच्या मुलाचा. त्याने घाईत स्वतःचाच पत्ता टाकला होता. हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता आश्चर्य वाटत नाही. वीजबिलापासून जीएसटीपर्यंत निम्म्या महाराष्ट्राचे ओटीपी भलत्याच कोणाच्या तरी मोबाइलवर जात असावेत. तो मुलगा नोकरी सोडून पुण्याला गेलेला. डीलरने त्याचा नंबर दिला, तो लागला नाही.

ग्राहक सेवा. इथे जरा थांबून सांगतो, कारण सकाळ तिथेच गेली.

आधी चॅटवर यंत्र बोलतं. त्याला ‘परवाना’ म्हटलं की ते किंमतपत्रक दाखवतं. ‘माणसाशी बोलायचं आहे’ असं लिहिलं की विचारतं, ‘मी आणखी कशी मदत करू?’ फोनवर भाषा निवडा, उत्पादन निवडा, नोंदणी क्रमांक टाका, मग सनईसारखं काहीतरी वाजत राहतं आणि मधूनमधून एक बाई सांगते की तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. अण्णांनी फोन स्पीकरवर ठेवला होता. टेबलावरच्या बायका ऐकत होत्या. पेठकडची एक मावशी म्हणाली, “एवढा महत्त्वाचा हाय तं उचल ना मंग!” हॉलमध्ये हशा पिकला. अण्णा मात्र हसले नाहीत.

शेवटी एक मुलगी बोलायला आली. हिंदीत, अगदी नम्रपणे. तिने मला कॉम्प्युटर बंद करून चालू करायला लावला. मी केला. वाद घालण्यात वेळ जातो, त्यापेक्षा रीस्टार्ट लवकर होतं. मग तिने तिकीट नंबर दिला आणि सांगितलं, दोन कामकाजाच्या दिवसांत उत्तर येईल. शनिवार हा कामकाजाचा दिवस नाही, हेही सांगितलं. मी म्हणालो, ताई, बाहेर कंटेनर उभा आहे, साधारण तेरा टन माल आहे, संध्याकाळी न्हावा शेवाकडे निघाला नाही तर बंदराची वेळ चुकेल. ती थोडी थांबली आणि आवाज खाली करून म्हणाली, “सर, मी समजू शकते. पण परवाना सुरू करायचं बटण माझ्या स्क्रीनवर नाहीच.” तिच्यावर मला राग काढता आला नाही. ज्यांच्याकडे बटण आहे त्यांना फोन लागत नाही, आणि ज्यांना लागतो त्यांच्याकडे बटण नसतं. व्यवस्था तशीच आखलेली असते.

अण्णा म्हणाले, “मरू दे. नवीन घेऊन टाक. पैसे भरतो.” व्यापारी माणूस, त्याला तासाचा हिशेब कळतो. नवीन ईमेलने नवीन खातं उघडलं. किंमत डॉलरमध्ये. कार्ड नाकारलं. 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केला तेव्हापासून नवं कार्ड परदेशी व्यवहारासाठी बंदच येतं, ते आपण चालू करायचं. बँकेच्या अॅपमध्ये ते बटण सापडेपर्यंत अण्णांच्या मुलाला फोन करावा लागला. चालू केलं, ओटीपी आला, पैसे कापले गेले. मेसेज आला तेव्हा अण्णांनी सुटकेचा श्वास टाकला. मग स्क्रीनवर आलं: ‘आभारी आहोत. आपली ऑर्डर पडताळणीत आहे. परवान्याची किल्ली 24 ते 48 तासांत ईमेलवर मिळेल.’

अण्णा खुर्चीत बसले. पैसे देऊनही दार उघडत नाही हे त्यांच्या धंद्यात कधी घडलं नसावं.

केंद्र सरकारने नोव्हेंबर 2023 मध्ये ‘डार्क पॅटर्न’बद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. फसव्या मांडणीचे तेरा प्रकार त्यात दिलेत आणि सबस्क्रिप्शनचा सापळा हा त्यातला एक. ग्राहक हेल्पलाइनचा 1915 नंबरही मला पाठ आहे. पण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार एरवी ग्राहक ठरत नाही. स्वयंरोजगाराने पोट भरणाऱ्याला सूट आहे, पण इतका मोठा हॉल चालवणारे अण्णा त्यात कसे बसवायचे? शिवाय आयोगाची तारीख मिळेपर्यंत द्राक्षाचा बेदाणा होतो.

तेव्हा मी प्रिंटरकडे पाहिलं. मघापासून सगळे कॉम्प्युटरशी भांडत होते आणि प्रिंटर मात्र हिरवा दिवा लावून तयार उभा होता. त्याचा या भांडणाशी संबंधच नव्हता.

सातपूरच्या एमआयडीसीत मी उमेदवारी केली ती एका जुन्या मेकॅनिकच्या हाताखाली. तेव्हा काही कारखान्यांत पार्टची लेबलं डॉसवरून निघत. सॉफ्टवेअर वगैरे काही नाही. हे प्रिंटर आतून साध्या मजकुराच्या आज्ञा समजतात. लेबल सुरू, डावीकडून इतके ठिपके, वरून इतके ठिपके, या आकाराचं अक्षर, हा मजकूर, लेबल संपलं. एका मिलिमीटरला आठ ठिपके असा हिशेब. रंगीत खिडक्यांचं महागडं सॉफ्टवेअर शेवटी पडद्यामागे हेच लिहून पाठवत असतं. तर मीच लिहून पाठवतो की!

नोटपॅड उघडलं. कालचं एक चांगलं लेबल घेतलं, फूटपट्टीने मोजलं आणि एकेक ओळ लिहायला लागलो. कॉम्प्युटरवरची मुलगी शेजारी उभी राहून प्लॉट नंबर आणि कोड वाचून दाखवत होती. प्रिंटर नेटवर्कवर शेअर केला आणि काळ्या खिडकीतून कॉपीची जुनी आज्ञा देऊन फाइल थेट प्रिंटरवर ढकलली. प्रिंटर घुरघुरला आणि एक लेबल बाहेर आलं. अक्षरं थोडी वर सरकलेली, पण ‘डेमो’ नाही. मावशीने टाळी वाजवली.

मजकूर पटकन बसला. वेळ खाल्ला पॅलेटच्या बारकोडने. स्कॅनर तो वाचत होता, आकडे सगळे बरोबर होते, तरी खरेदीदाराने दिलेलं अॅप म्हणत होतं, अवैध. बराच वेळ काही उमगेना. मग स्कॅनरच्या सेटिंगमध्ये जाऊन बारकोडची जात दाखवणारं चिन्ह चालू केलं आणि जुनं व नवं लेबल पाठोपाठ वाचलं. जुन्यावर आकड्यांच्या आधी ‘सी वन’ आलं, माझ्यावर ‘सी झिरो’. तिथे गाठ सुटली. निर्यातीच्या पॅलेटवर साधा कोड 128 चालत नाही, जीएस1-128 लागतो. दोन्हींच्या रेषा दिसायला सारख्याच, पण दुसऱ्यात सुरुवातीच्या खुणेनंतर एक न दिसणारी खूण असते. ती खूण म्हणजे पुढचे आकडे जीएस1 या आंतरराष्ट्रीय बारकोड संस्थेच्या नियमाने वाचा, असा इशारा. आज्ञेत तेवढी दोन-चार अक्षरं घातली आणि अॅपने हिरवी टिक दिली.

पुढचं काम मशीनचं होतं. अनुक्रमांक वाढवत न्यायची सोय प्रिंटरमध्येच असते. सुरुवातीचा आकडा आणि किती लेबलं ते सांगायचं. हवी तेवढी लेबलं निघायला फार वेळ लागला नाही, मध्ये रिबन बदलली तेवढंच. कात्र्या पुन्हा वाजायला लागल्या. मुकादम ओरडायला लागला. ड्रायव्हर मला म्हणाला, “हो गया क्या, साहब?” मी म्हटलं, कूलिंगला विचारा आता. अर्धा माल आधीच्या दिवशीच थंड होऊन पॅलेटवर होता, उरलेल्याला वेळ लागणारच होता. कंटेनर संध्याकाळऐवजी रात्री उशिरा निघाला. क्लिअरिंग एजंटने काय काय केलं ते मला माहीत नाही, पण बंदराची वेळ सापडली. अण्णांनी मजुरी विचारली, मी सांगितली, त्यांनी घासाघीस न करता दिली. हेही नाशिकमध्ये क्वचितच घडतं.

परवान्याची किल्ली पुढच्या आठवड्यात आली. मला वाटलं होतं, आता अण्णा ती टाकणार नाहीत. मी तसं म्हणालोही, की फाइल आहे, प्रिंटर चालतोय, कशाला हवी? पण कॉम्प्युटरवरच्या मुलीला ठिपके मोजून लोगो बसवणं जमेना, आणि तिचं बरोबर होतं. लेबल रोज बदलतं, प्रत्येक खरेदीदाराची मांडणी वेगळी. अण्णा म्हणाले, “पैसे भरलेत ना, वापरू दे तिला.” किल्ली टाकली, रंगीत खिडकी परत आली. मी त्या कॉम्प्युटरचं अपडेट बंद केलं, माझी फाइल डेस्कटॉपच्या कोपऱ्यात ठेवली आणि आता हंगामाच्या आधी माझ्या इतर पॅकहाऊसमध्येही तशीच एकेक ठेवून येतो.

एकच अडचण उरली आहे. वार्षिक योजना फेब्रुवारीत घेतली, म्हणजे दर वर्षी ती संपणार ऐन फेब्रुवारीत. नूतनीकरणाची तारीख जूनमध्ये घ्यावी, असं अण्णांच्या वतीने मी कंपनीला लिहिलंय. तिकीट नंबर मिळाला आहे.